बिनछाप चहा

आमच्या घरात चहाचे दोन डबे होते आणि दोन्ही डब्यांवर एकच बाई होती. गोरीपान, गालाला खळी पडलेली, हातात वाफाळणारा कप. कंपनीने ती कुठून आणली होती कोण जाणे, पण कल्याणात तशी बाई कोणी पाहिली नव्हती. एका डब्यात खरोखरच त्या कंपनीचा चहा असे, तो पाहुण्यांसाठी. दुसऱ्यात भांडाराचा, तो आमच्यासाठी. गडबडीत चूक होऊ नये म्हणून आईने दुसऱ्या डब्यावरच्या बाईला कुंकू लावून ठेवलं होतं. घरची बाई लगेच ओळखू यायची.

भांडार म्हणजे पारनाक्याजवळचं आमचं ग्राहक भांडार. रेशनिंगच्या दिवसांत नोकरदार मंडळींनी एकत्र येऊन ते काढलं. रेशनिंग सैल झालं तरी भांडार राहिलं, कारण एकदा समिती नेमली की ती बरखास्त करायला दुसरी समिती लागते. अध्यक्ष होते एक निवृत्त मामलेदार. ते बोलायला उभे राहिले की खुर्च्यासुद्धा सावरून बसल्यासारख्या वाटत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मानद चिटणीस होते. मानद म्हणजे पगार नाही आणि बोलणी पूर्ण.

दादा मुंबईला एका विमा कचेरीत कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेलं दुसऱ्यांच्या भाषेत उतरवून काढायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या डोक्यातून काही काढण्याची वेळ त्यांच्यावर चाळिशी उलटेपर्यंत आली नाही. ती आली चहाच्या रूपाने. मशीद बंदरला चहाची खोकी घाऊक मिळतात, ती आणून आपणच पुड्या बांधल्या तर कंपनीच्या चहाहून पुष्कळ स्वस्त पडतात, असं त्यांच्या लक्षात आलं. कंपनी पैसे घेते ते डब्याचे, बाईचे आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे. चहाचे त्यात थोडेच, असं ते म्हणत. समितीत त्यांनी हे मांडलं तेव्हा अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “कल्पना धाडसाची आहे. आपण खोकी आणू. परंतु पावसाळ्याआधीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत ती संपली पाहिजेत. न संपल्यास भांडाराने स्वतःचा माल काढण्याचा विचार कायमचा सोडावा, आणि चिटणीसांनी आपला.”

‘आपला’ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. दादांना कळलं. घरी येऊन ते आईला म्हणाले, “खोकी उरली तर मला जावं लागेल.”

“जा की. पगार कुठे आहे?” आई म्हणाली.

पण दादांचा प्रश्न पगाराचा नव्हता. त्यांना पदाची हौस नव्हती. एवढ्या वर्षांत एकच कल्पना सुचली आणि तीही ओलसर होऊन कुजली, असं त्यांना नको होतं.

पुड्या बांधायच्या तर छाप हवी. त्या काळी दुकानात नाव घेऊन काही मागत नसत. चित्र सांगून मागत. घोडा छाप, सिंह छाप, पोपट छाप. वाचता येणारेही तसंच मागत, कारण नावं इंग्रजीत असत आणि ती उच्चारताना दुकानदार हसेल अशी भीती असे. तेव्हा छाप ठरवायला उपसमिती नेमली गेली. मोर सुचवला गेला, तो फार सरस्वतीकडचा म्हणून गेला. गाय सुचवली, तर पुडीत दूधही आहे असा समज होईल म्हणाले. उगवता सूर्य आला. त्यावर चहा तिसऱ्या प्रहरीही घेतात अशी हरकत निघाली. कोणी ओंकार सुचवला. पण चहा संपल्यावर पुडीचा कागद बंबात जाणार, हे लक्षात येताच सूचना मांडणाऱ्यानेच ती मागे घेतली. शेवटी दादांनी कंदील काढून दाखवला. अगदी हाताने, शाईने, काचेच्या रेघांसकट. अध्यक्षांनी कागद लांब धरून पाहिला.

“कंदिलाला कोणाची हरकत असण्याचं कारण दिसत नाही,” ते म्हणाले.

ठाण्याच्या एका छापखान्यातून तांबड्या शाईत कंदील छापलेले खाकी कागद आले. खाली ‘घरोघरी उजेड’. दादा ते कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. छापलेल्या कागदावर त्यांचं स्वतःचं असं काही आजवर आलं नव्हतं. लग्नपत्रिकेवरचं नावसुद्धा आजोबांनी घातलं होतं.

आमच्याकडे भाजी घेऊन ठाकुर्लीकडची एक म्हातारी यायची. आईने तिला पुडी दाखवली. तिने ती उलटसुलट केली आणि विचारलं, “कंदिलान च्या भरलाय? मंग घासलेट कनच्या डब्यान ठेवलंस?”

तरी खरी परीक्षा आईची होती. “मी आधी करून बघणार, मग चार जणींना सांगणार,” असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. दादांना वाटलं, आपलीच बायको, प्रचार करील. ते माणूस ओळखण्यात कच्चे होते. आईने दोन पातेल्या चढवल्या, एकीत कंपनीचा, एकीत भांडाराचा, पाणी, साखर, दूध सारखं. दादांनी दोन्ही घोट घोट घेतले आणि भांडाराचा चहा किती सुवासिक आहे, यावर बोलू लागले.

“पाणचट आहे,” आई म्हणाली. “त्यांचा बघा, पहिल्या उकळीला कसा रंग धरलाय. आपल्याला चमचा जास्त घालावा लागतो. तुमची बचत त्या चमच्यात गेली.”

दादांनी आपला कप पुन्हा हुंगून पाहिला. पण आई तिथे थांबली नाही. तिने दोन्ही पातेल्यांतला चोथा न टाकता पुन्हा पाणी घालून उकळी आणली.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याच काय, गल्लीतल्या सगळ्याच घरांत चहा दोनदा व्हायचा. पहिला पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. मग त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरा, तो घरच्या बायकांचा. याला कोणी अन्याय म्हणत नसे, कोणी काहीच म्हणत नसे. तो स्वयंपाकघरातला कायदा होता आणि पुरुषांना तो ठाऊकही नसायचा. दादांनासुद्धा त्या दिवशी कळला.

“म्हणजे तू इतकी वर्षं...”

“घ्या, बघा,” आईने कप पुढे केले.

कंपनीच्या चोथ्याचं नुसतं मळकट पाणी झालं होतं. त्यांचा चहा बारीक भुकटीचा, पहिल्याच उकळीत असेल नसेल ते देऊन मोकळा. भांडाराच्या चहाची पानं जाड. ती पहिल्यांदा नीट उमललीच नव्हती. दुसऱ्या उकळीला ती उमलली, आणि पातेलीत पहिल्यापेक्षा बरा चहा तयार झाला.

आईने निकाल दिला. “पहिला चहा त्यांचा चांगला, दुसरा आपला. जाहिरातीतल्या त्या बाईला दुसरा चहा प्यावा लागत नाही वाटतं.”

हा निकाल तिने विहिरीवर, देवळात आणि गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितला. छापील कंदिलाने जे झालं नसतं, ते या एका वाक्याने झालं. बायका भांडाराचा चहा आणू लागल्या. पुरुषांची “आज चहा पाणचट का?” अशी तक्रार आलीच, तर पातेलीत कंपनीचा एक चमचा टाकायची युक्तीही आईनेच सांगितली. पुडी घरी आली की फोडून कंपनीच्या रिकाम्या डब्यात ओतायची, कारण डबा शोभेचा आणि घट्ट झाकणाचा. कल्याणातल्या अर्ध्या घरांत आता डबा कंपनीचा आणि चहा भांडाराचा होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ही लबाडी आपल्यालाच सुचली. एकमेकींकडे गेल्या की “तुमच्याकडचा चहा वेगळाच लागतो हं” असं म्हणत दोघीही एकच चहा प्यायच्या.

खोकी हळूहळू हलू लागली होती. एवढ्यात नगरपालिकेची निवडणूक आली.

आमच्या वॉर्डात दोन वजनदार उमेदवार होते. एक वकील, एक वैद्य. वकीलसाहेब साधं ‘बसा’ म्हणतानाही आधी घसा खाकरत. वैद्यबुवा कमी बोलत, पण नाडी बघायला हात धरला की मत मिळेपर्यंत सोडत नाहीत, अशी त्यांची ख्याती. चिन्हं वाटली गेली. वैद्यांना तराजू मिळाला. वकीलसाहेबांना कंदील.

दादांना ही बातमी स्टेशनवरून येताना टांगेवाल्याने दिली. “काय साहेब, तुम्हीपण उभे राहिलात वाटतं! सगळीकडे तुमचाच कंदील.”

भिंतींवर कंदील रंगले. भर दुपारी पेटवलेले कंदील घेऊन मिरवणूक निघाली. उन्हात त्या ज्योती कोणाला दिसल्या नाहीत, पण काजळी सगळ्यांना दिसली. वकीलसाहेबांच्या पत्रकावर ‘घरोघरी उजेड’ हेच शब्द होते. चोरले असं म्हणवत नाही. असे शब्द कोणालाही सुचतात, म्हणून तर ते पत्रकांवर असतात.

दुसऱ्याच दिवसापासून वैद्यांच्या बाजूच्या घरांनी भांडाराचा चहा बंद केला. शेजारच्या काकू आईला दारातून म्हणाल्या, “मला काही नाही गं, पण ह्यांनी सांगितलंय, कंदील घरात आणायचा नाही. काल घासलेटचा होता तोसुद्धा माळ्यावर ठेवला. रात्री चाचपडतोय आम्ही.”

वकिलांच्या बाजूची मंडळी उलट गरज नसताना पुड्या नेऊ लागली, पण वापरायला नव्हे; दारावर टांगायला. दादा हिशेबी मनाचे, पण या खपाने त्यांना आनंद झाला नाही. दारावर टांगलेला चहा संपत नाही, त्यामुळे दुसरी पुडी लागत नाही.

एका रविवारी सकाळी वकीलसाहेब स्वतः आमच्याकडे आले. मागे चार माणसं. ती चौघं आत मावली नाहीत म्हणून दारात उभी राहिली आणि आमच्या घरात येणारा उजेड त्यांनी पुरता अडवला.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. “चिटणीस, मी आपली चिंता दूर करण्यास आलो आहे. भांडारात जेवढा कंदील छाप शिल्लक आहे, तेवढा मी घेतो. सर्व. रोख.”

मी दाराआडून दादांकडे बघत होते. एका शब्दात सगळी खोकी संपत होती. सभा, अध्यक्ष, राजीनामा, सगळी काळजी मिटत होती.

“एवढ्या चहाचं करणार काय, साहेब?” दादांनी विचारलं.

“वाटणार. मतदार बंधुभगिनींना. प्रेमाची भेट.”

आई चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, “फुकट वाटलेला चहा निवडणूक झाल्यावर विकत कोण घेईल हो, वकीलसाहेब?”

“वहिनी, पुढचं पुढे.”

“तुमचं पुढे. ह्यांची खोकी पुन्हा यायची आहेत ना?”

दादांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी कचेरीतला आवाज काढला, जो आम्ही घरात कधी ऐकला नव्हता. “साहेब, भांडाराच्या पोटनियमाप्रमाणे एका सभासदाला एका वेळी दोनच पुड्या देता येतात. रेशनिंगपासूनचा नियम आहे. आपण सभासद आहात. दोन बांधून ठेवतो.”

“चिटणीस, मी पोटनियम करणाऱ्यांपैकी आहे!”

“म्हणूनच आपल्याला लगेच पटेल.”

वकीलसाहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. दारातली चौघं बाजूला झाली आणि घरात पुन्हा दिसू लागलं. ते गेल्यावर दादांनी आईला विचारलं, “मी मूर्खपणा केला का?”

“केलात,” आई म्हणाली. “पण चांगला केलात.”

आता दोन्ही बाजू दादांवर रागावल्या. वैद्यांच्या मंडळींनी अध्यक्षांकडे लेखी तक्रार दिली, की भांडार पुड्यांतून प्रचार करतं. मामलेदारसाहेबांच्या नोकरीचा सगळा काळ तक्रार आली की काहीतरी बंद करण्यात गेला होता. त्यांनी फलक लावला: ‘निवडणूक काळात कंदील छाप चहाचे दर्शन व विक्री स्थगित.’ त्यावर वकिलांची मंडळी आली. कंदील झाकता, मग गल्ल्यावर भर चौकात टांगल्यासारखा तराजू कसा चालतो? तो वैद्यांचा प्रचार नव्हे काय? अध्यक्षांना हा मुद्दा न्यायाचा वाटला. संध्याकाळी भांडारातला तराजू पंच्यात गुंडाळून वर सुतळी बांधली गेली.

एका किराणा भांडारात वजन करायचं नाही आणि माल दाखवायचा नाही, अशी व्यवस्था झाल्यावर तिथे काय उरतं? फलक उरतो. दोन दिवस गिऱ्हाईक यायचं, फलक वाचायचं, आणि बाजारातल्या दुकानात जाऊन कंपनीचा डबा घ्यायचं. सर्वसाधारण सभा महिन्यावर आली होती. निम्म्याहून अधिक पुड्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडून होत्या. दादा ऑफिसातून येत, जेवत आणि उरलेल्या पुड्यांचा हिशेब पुन्हा मांडत.

तिसऱ्या दिवशी आईने कोनाड्यातलं तांदूळ मोजायचं पितळी चिपटं काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं आणि पदर खोचून निघाली. मला म्हणाली, “चल गं, पाटी धर.”

भांडारात ती सरळ दादांसमोर उभी राहिली. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. “पुड्या फोडा.”

“काय?”

“अहो, फोडा. फलकावर काय लिहिलंय? कंदील छाप चहा बंद. पुडी फोडली की कंदील गेला, चहा राहिला. आणि चिपट्याने मोजून द्या. तराजू नको. चिपटं कुठल्या पक्षाचं नाही.”

“पण छाप...” दादा म्हणाले. त्यांची बोटं एका पुडीवरून फिरत होती. तो कंदील त्यांनी काढलेला होता.

“चहा विकायचाय की चित्र?” आईने विचारलं, पण हळू आवाजात.

त्यांनी पहिली पुडी फोडली. मग दुसरी. मी पाटी धरून होते. चहा तिच्यात पडत गेला आणि त्याचा वास उठून ओट्यापर्यंत गेला. बंद पुडीत हा वास कोणाला कळला नव्हता. रस्त्याने जाणारी एक बाई थांबली, चिमूटभर घेऊन तळहातावर चोळली, हुंगली.

“हा कुठला?”

“भांडाराचाच,” आई म्हणाली.

“छाप कुठली?”

“छाप नाही. बिनछाप.”

दुपारपर्यंत शब्द गल्लीभर झाला. ज्यांच्या घरी कंदील आणायला बंदी होती त्यांना बिनछापाला बंदी नव्हती, कारण नवऱ्यांना तो सुचलाच नव्हता. शेजारच्या काकू आल्या, वकिलांच्या पुतणीची सासू आली, वैद्यांच्या घरची सूनही आली. सुट्टा चहा न्यायचा तर भांडं हवं, म्हणून सगळ्यांनी आणले डबे. ओट्यावर कंपनीच्या डब्यांची रांग लागली. एकाच बाईचे कितीतरी चेहरे, सगळे हसरे. बायका एकमेकींच्या डब्यांकडे बघू लागल्या आणि हळूहळू एकेकीचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे तुमच्याकडे हळदीकुंकवाला प्यायलो तो...?”

“आणि तुम्ही त्या दिवशी म्हणालात, कंपनीच्या चहाची सर नाही कशाला!”

“कंपनीचाच होता हो. डबा.”

मग जे हसू सुटलं ते भांडाराने त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी ऐकलं नसेल. अध्यक्ष गोंगाट ऐकून आले. त्यांनी फलक पाहिला, पाटी पाहिली, चिपटं पाहिलं. नियमभंग कुठे झाला हे शोधत ते बराच वेळ उभे होते.

“हा कोणता चहा?” त्यांनी शेवटी विचारलं.

“सुट्टा, साहेब,” दादा म्हणाले.

“सुट्ट्याविषयी तक्रार आलेली नाही,” असं स्वतःशी म्हणत ते गेले. ते जात असतानाच त्यांच्या सुनेने त्यांच्या देखत डबा पुढे केला.

निवडणुकीत वैद्य आले. वकीलसाहेबांनी पराभवाचं कारण लोकांचं अज्ञान असं सांगितलं. तराजूवरचा पंचा सुटला. पण चिपटं राहिलं, कारण बायकांना त्याची सवय झाली होती. वजनात पारडं कुठे थांबलं यावर वाद घालता येतो, चिपटं शिगोशीग भरलं की डोळ्यांना दिसतं.

सभेच्या आठवडाभर आधी पाटीच्या तळाशी नुसती भुकटी उरली. आईने ती घरी आणली आणि तिचे पैसे भांडारात टाकले. दादा रिकाम्या खोक्यात डोकावून आले. आपण काहीतरी संपवलं याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर्वसाधारण सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. पुष्कळांनी बायकोच्या नावाने शेअर घेतलेले होते, पण सभेला त्या कधी येत नसत. त्या दिवशी मागच्या तीन रांगा बायकांनी भरल्या. अध्यक्षांनी अहवाल वाचला. त्यात ‘संचालक मंडळाने निवडणूक काळात घेतलेल्या तटस्थ व दूरदर्शी भूमिकेमुळे’ चहा संपला होता. दादांनी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून असावं.

मग अध्यक्ष म्हणाले, “आता पुढील खोक्यांचा प्रश्न. आणावीत की आणू नयेत?”

मागच्या रांगांतून बांगड्यांचा आवाज झाला. तीन रांगांचे हात वर गेले होते. पुढच्या रांगांतल्या पुरुषांनी मागे वळून पाहिलं, आपापली बायको ओळखली आणि हात वर केले.

“एकमताने संमत,” अध्यक्ष म्हणाले. “आता नव्या छापेसाठी उपसमिती...”

दादा उभे राहिले. सभेत ते क्वचितच उभे राहत, आणि अध्यक्षांच्या मनाविरुद्ध तर कधीच नाही. “छाप नको, साहेब.”

“छाप नको? आपणच ती काढली होती, चिटणीस!”

“काढली होती. चांगली होती. पण नको.”

“मग ‘बिनछाप’ असं छापून घेऊ. लोकांच्या तोंडी बसलंय. तांबड्या शाईत, मोठ्या अक्षरांत...”

“बिनछाप असं छापलं की ती छाप झाली, साहेब.”

अध्यक्षांनी टाक खाली ठेवला. त्यांना ठरावात मालाचं नाव भरायचं होतं आणि नावाशिवाय ठराव त्यांनी उभ्या जन्मात लिहिला नव्हता. “मग नावाच्या जागी लिहू काय?”

“चहा.”

“नुसतं चहा?”

“अहो, लिहा की लवकर,” मागच्या रांगेतून आईचा आवाज आला. “घरी जाऊन तोच करायचाय.”

हॉल हसला. अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं, टाक बुडवला आणि मोठ्या वळणदार अक्षरात, जणू एखाद्या संस्थानिकाची पदवी लिहावी तसं, लिहिलं: चहा.